पंगतीतला रिकामा पाट

६ ऑक्टोबर, दिंडोरी
आज आले. योगेशभाऊंच्या बंगल्यात मला द्राक्षबागेकडची खोली मिळाली आहे. छाटणीवाल्या बायकांच्या गप्पा थेट खिडकीतून ऐकू येतात, मजा येणार. काम एकच, त्यांच्या घरातलं दीडशे वर्षांपूर्वीचं तैलचित्र साफ करायचं. चित्रात जनावरांची पंगत बसली आहे. पगडीवालं माकड, उपरणं घेतलेला कोल्हा, आणि नऊवारीतली मांजर तूप वाढते आहे. एक पाट रिकामा आहे आणि उष्टी काढायला कोणीच नाही. चित्रकार विसरला असेल. काम झालं की खाली पितळी पाटी लागेल, तिच्यावर माझं नाव. बारा वर्षं हे काम करते आहे, पण नावाची पाटी ही पहिलीच.

९ ऑक्टोबर
योगेशभाऊंनी मदतीला चैतालीला बोलावलं. कापसाचा बोळा कसा फिरवायचा हे तिला मीच शिकवलं होतं. आज तिने मांजरीचा डोळा उजळला आणि सगळं घर बघायला जमलं. मी तीन दिवस कडेची वेलबुट्टी घासते आहे, तिकडे कोणी फिरकलं नाही. चैतालीच्या नाकातल्या मोरणीचंसुद्धा कौतुक झालं. मी जळले, खोटं कशाला लिहू.

१२ ऑक्टोबर
झाडलोट करणाऱ्या भागीबाईंनी बजावलं, "ताई, त्या पंगतीवर अक्षता टाकून कोणाचं नाव नका घेऊ. ते आवतण व्हतं. अन् स्वतःचं तर नकोच. आपण होऊन आलेल्याला पाट नाय, त्यानं उष्टी काढायची." मी हसले. दुपारी योगेशभाऊ म्हणाले, पाटीवर चैतालीचं नाव घालू, तिच्या हाताला गुण आहे. देवघरातल्या वाटीत अक्षता होत्या. चार दाणे चित्रावर टाकले आणि म्हटलं, चैतालीबाई, जेवायला यावं. नुसती चेष्टा.

१३ ऑक्टोबर
चैताली आली नाही. फोन बंद. तिच्या चपला चित्राखाली आहेत. रिकाम्या पाटावर हरिणी बसली आहे. नाकात मोरणी.

१४ ऑक्टोबर
सांगायला गेले, पण योगेशभाऊ हरिणीसमोरून हलेनात. म्हणाले, काळ्या थराखालून चैतालीनेच ही बाहेर काढली आणि न सांगता गेली, केवढी गुणी मुलगी. पाटी तिच्याच नावाची झाली. गेली तरी सगळं तिचंच. मांजर तिला दुसऱ्यांदा तूप वाढते आहे.

१५ ऑक्टोबर
मलाही पाट हवा. मला कोण बोलावणार — मीच अक्षता टाकल्या. हर्षाली म्हटलं. माझंच नाव —

१६
कंबर वाकली ती सरळ होईना. बोटं एकमेकांना चिकटली आहेत. चित्राच्या कडेला तरस आलं आहे — ओणवं, तोंड अजून रंगायचं आहे —

पंगत उठली. एकटी चैताली बसून आहे. उष्टं पान माझ्याकडे सरकवते — नाव न घेता, वर न बघता —
अगं, तुला मीच शिक