पाळीआधी वाजलेला हात

आई, परवा शुक्रवारी पत्ते खेळताना माझा हात टेबलावर वाजला. माझी पाळी नव्हती. मला वाजवायचाही नव्हता. त्या आवाजाने मी दचकले, कारण तो तुझ्या हाताचा आवाज होता.

तू जाऊन बरीच वर्षं झाली, तरी इथे आखातात, अल सद्दच्या याच फ्लॅटमध्ये आमची पोकरची टूर्नामेंट अजून भरते. पैसे लावून खेळणं इथे चालत नाही, म्हणून तेव्हासारख्याच प्लास्टिकच्या चकत्या, आणि जिंकेल त्याला पुढच्या शुक्रवारी स्वयंपाकाला सुट्टी. वाद झाला की निवाडा माझाच. तू हिवाळ्यात नाशिकहून यायचीस आणि पहिल्याच दिवशी विचारायचीस, "पत्ते कधी?" जावई कसा आहे, हे मागाहून.

एका हिवाळ्यातला डाव मी विसरूच शकत नाही. तुझ्या हातात तीन राजे आहेत आणि तुझ्या आधी अजून दोघांना बोलायचंय. तेवढ्यात तुझी बोटं टेबलावर टकटक वाजतात. आमच्यात टेबल वाजवलं की चेक, म्हणजे या फेरीत बेट नाही, चकत्या लावायच्या नाहीत. सगळे तुझ्याकडे बघतात. रत्नागिरीचे भाईजान म्हणतात, "जाऊ द्या हो काकी, हात हलला असंल." मीही म्हणते, "आई, तुझी पाळी आली की सांग." आणि तू माझ्यावरच डोळे वटारतेस.

"नियम काय आहे?"

"पाळीआधी चेक केला आणि मधल्या कुणी बेट लावली नाही, तर तो चेक बंधनकारक."

"लावली कुणी?"

कुणीच लावली नव्हती. तू बेट लावली असतीस तर भाईजान पत्ते टाकून मोकळे झाले असते. त्यांना पुढचं पान फुकटात मिळालं, त्यांचा सिक्वेन्स लागला आणि तुझे तीन राजे पडले. मग तू पाणी मागावं तितक्या साधेपणाने सगळ्यांना सांगितलंस, "डॉक्टर म्हणालेत, हा कंप आता वाढतच जाणार. यापुढे मी काय ते तोंडाने बोलेन. हात वाजला तर तो चेक धरायचा नाही." भाईजान म्हणाले, "खलास, काकींचा नियम पक्का." आणि त्यांनी पत्ते पिसायला घेतले.

मला ते तिथे, चारचौघांत कळलं. स्वयंपाकघरात मी तुझ्यावर उखडले. मसालेभाताचं झाकण आपटून विचारलं, "मला आधी सांगता येत नव्हतं?" तू काकडी कोचत होतीस, त्याच हाताने. म्हणालीस, "घरात सांगितलं असतं, तर तू मला खेळायला बसूच दिलं नसतंस." खरंच होतं ते. मला इतका राग आला की जेवणभर तुझ्याशी बोलले नाही.

तू गेलीस आणि आवाज राहिला. दुपारी घरी एकटी असले, एसीची घरघर थांबली, की जेवणाच्या टेबलाकडून टकटक यायची. मी हातातलं काम टाकून बघायला जायचे. कुणी नसायचं. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं, आली आहेस म्हणून. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. गेल्या महिन्यात मी टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. टकटक सुरू झाली, अगदी जवळून. मी म्हटलं, "ये गं." आणि खाली पाहिलं. माझीच बोटं होती.

अजून डॉक्टरकडे गेलेले नाही. परवा पत्ते लेक वाटत होती. माझा हात वाजला तशी तिने मान वर केली. "आई, वॉज दॅट अ चेक?" भाईजान आता थकलेत, पण त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. सगळे थांबले होते. तुझा नियम अजून चालू आहे. तोंडाने बोलले असते तर तो चेक कुणी धरला नसता. हात आपोआप हलला, एवढंच सांगायचं होतं.

मी हसले. म्हटलं, "हो, चेक."

लेकीने पुढचं पान उघडलं.

हे लिहून झालं की कागद फाडून टाकणार आहे. लेकीला मराठी समजतं, वाचता येत नाही, तरी फाडणार आहे. तुझ्यासारखं नाही जमलं मला. घाबरले गं, आई.