आठ दिवस आधी

५ जुलै
व्हिसा आला! आई पासपोर्टला हळद-कुंकू लावायला निघाली होती, ऐनवेळी हातातून काढून घेतला. शेवटी कुंकू लागलं कुरिअरच्या पाकिटाला. आता ते रिकामं पाकीट देव्हाऱ्यात आहे.

संध्याकाळी कॅनडाहून युनिव्हर्सिटीची मेल. परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'प्री-ओरिएंटेशन' (इथून पुढे नुसतं प्री-ओ, एवढं लांब कोण लिहिणार). खऱ्या ओरिएंटेशनच्या आठवडाभर आधी जायचं. बँक, बस, थंडीचे कपडे कुठे मिळतात, वर्गात प्रश्न कसा विचारायचा, सगळं हाताला धरून दाखवणार. सक्ती नाही. जायचं तर १८ ऑगस्टला निघायचं, नाहीतर २५ ला. २० जुलैला सकाळी दहापर्यंत कळवायचं. तिकीट अजून काढलं नाही ते बरं.

८ जुलै
तिसगावच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला! चुलत्यांचं, म्हणजे नानांचं काम. विचारलं नाही, सांगितलं नाही. फोटो व्हिसाचा लावलाय, हसायला बंदी असलेला. पोलीस शोधत असल्यासारखी दिसते. खाली मोठ्या अक्षरात: 'आमची लेक कोमल परदेशी रवाना. २३ ऑगस्ट रोजी काल्याच्या कीर्तनानंतर भव्य सत्कार.'

म्हणजे झालं. मी १८ ला गेले तर सत्कार कुणाचा करणार? फ्लेक्सचा?

नानांना फोन केला. म्हणाले, "त्यात इचारायचं काय? लेक काल्याचा परसाद घिऊनच जानार. अन् औंदा आमटीची कढई माज्याकडं हाय." सप्त्याच्या शेवटच्या दिवशी घराघरातून भाकऱ्या येतात आणि देवळामागे आमटी शिजते. ती कढई मिळावी म्हणून नाना किती वर्षं थांबलेत, ते गावाला माहीत आहे.

चुलता म्हणून त्यांना टाळता आलं असतं. पण आई-आप्पा दसरा झाला की कारखान्यावर ऊस तोडायला जायचे, उन्हाळ्यात परत यायचे. अगदी लहानपणापासून बारावीपर्यंत वर्षाचे ते सहा महिने मी नाना-काकूंच्या घरी. माझी वेणी काकू घालायची, पालकसभेला नाना जायचे. 'आमची लेक' हे त्यांनी उगाच नाही छापलेलं.

११ जुलै
प्री-ओबद्दल ऑनलाइन मीटिंग. बाप रे. सगळे इतकं भरभर बोलत होते. कृषी कॉलेजात माती परीक्षणावर इंग्रजीत अर्धा तास बोललेली मी, आज 'येस' सोडून एक शब्द फुटला नाही. कशाकशाला येस म्हणाले देव जाणे.

नंतर एका सीनियरचा मेसेज. अमीना, केनियाची. लिहिलंय, गेल्या वर्षी मीपण अशीच गप्प होते, प्री-ओमध्ये तोंड उघडलं. काहीही विचार, कधीही विचार. ओळख ना पाळख, आणि इतकं आपुलकीनं. वाचून रडूच आलं.

मला गेलंच पाहिजे.
पण २३ तारीख.

१३ जुलै
नानांना मेल मराठीत करून सांगितली. नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "वर्गात प्रश्न कसा इचारायचा हे शिकवाया आठ दिस? बारा वर्सं साळंत घातली तवा काय केलं तू?"

काकू आतून म्हणाली, "तुमी तरी कवा कुनाला इचारून काय केलंय?" मला हसू दाबता येईना.

येताना काकूनं लोणच्याची बरणी दाखवली, 'परदेशाची' म्हणून वेगळी काढून ठेवलेली. पाच किलोची असेल. विमानात कशी नेणार, हे बोलायचं धाडस झालं नाही.

१५ जुलै
सकाळी आप्पा गाय पिळत होते. दोन वर्षं झाली, त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून कारखाना बंद, आता दोन गाई आणि डेअरी. आप्पा दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील, त्यातली सात गाईशी. आज मान वर न करता म्हणाले, "आधी जावं. तळावर आधी पोचलेल्याला कोपीला जागा चांगली घावती."

एवढंच. मग परत गाईशी.

१६ जुलै
आप्पांच्या बोलण्याचा अर्थ आईला विचारला. ती भाकऱ्या करत होती.

ऊसतोडीच्या तळावर टोळीतला प्रत्येक जण आपली कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालतो. आधी पोचलं की सपाट, पाण्याजवळची जागा मिळते. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. मी चार वर्षांची होते तेव्हा ऐन निघायच्या दिवशी तापानं फणफणले. टोळीचा ट्रक गेला, हे दोघं मागे राहिले. ताप उतरल्यावर मला काकूच्या कडेवर देऊन निघाले. तोवर सगळ्या जागा गेलेल्या. राहिली ती पार कडेची, उतारावरची, हातपंपापासून लांब.

"त्या साली पान्यानंच जीव खाल्ला बग," आई म्हणाली. "दिसभर फडात वाकायचं अन् आल्यावर घागर घिऊन पुन्ना निघायचं. उनाळ्यापतुर."
"मला कधी सांगितलं नाहीस?"
"सांगन्यासारकं काय हाय त्यात? तू बरी झालीस की."

मला त्या वर्षाचं काय आठवतं? दसरा होऊनही आई घरात होती. आठ दिवस. कपाळावर तिचा हात. लहानपणाची माझी सगळ्यात लाडकी आठवण ती, आणि तिच्यासाठी आई सहा महिने पाणी वाहत होती. माझ्या वाट्याला अशी माणसं आली, मी फार भाग्यवान आहे. हे तिला तोंडावर सांगता आलं नाही म्हणून इथे लिहिते आहे.

१८ जुलै
फाट्यावरून येताना पाहिलं, फ्लेक्सवर '२३ ऑगस्ट'च्या जागी पांढरा कागद डकवलाय. त्यावर मार्करनं, नानांच्या अक्षरात: 'तारीख मागाहून कळवू.' कागद वाकडा. सत्कार तसाच भव्य.

नानांना फोन केला तर म्हणाले, "कढई काय, फुडल्या साली बी हाय." पुढच्या वर्षी ती त्यांच्याकडे नसणार, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. नाना, असं समजुतीनं वागू नका हो. भांडलात तर जाणं सोपं होतं.

१९ जुलै
उद्या दहाची मुदत. जेवणाआधी फॉर्म भरायला बसले. नाव, कोर्स, शाकाहारी. शेवटचा प्रश्न: तुम्हाला इथे घरच्यासारखं वाटावं म्हणून आणखी काय माहिती हवी? काही सुचेना. चुलीपुढे बसलेल्या आईला विचारलं.

ती लगेच म्हणाली, "पानी जवळ हाय का इचार."

हसले नाही. अमीनालाच जसंच्या तसं विचारलं: राहायच्या जागेपासून पाणी किती लांब आहे? तिनं उलट काही विचारलं नाही. उत्तर आलं, प्रत्येक खोलीत नळ आहे, गरम-गार दोन्ही, कधी आलीस तरी.

आईला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग चुलीकडेच बघत म्हणाली, "खोलीतच नळ हाय व्हय? मंग उशिरा गेलं तरी चालतंय की."

आणि लगेच, "न्हाई, तुजं तू ठरीव."

आप्पा ओसरीवरून काहीच बोलले नाहीत. गाईशीसुद्धा.

फॉर्म समोर उघडा आहे. 'येणार' आणि 'येणार नाही', दोन्ही चौकटी रिकाम्या. आई जेवायला हाक मारते आहे.