शंभरातले चार

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, विधवा, व्यवसाय एके काळी अंडी उबवणी केंद्रात पिल्लं निवडण्याचा, हे माझं मृत्युपत्र आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डोळे ठिकाणावर असल्याचा दाखलाही जोडला आहे. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, डोळ्यांचा दाखला कुणी मागत नाही." माझ्या बाबतीत मागायला हवा, आणि का ते पुढे येईलच. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असेन आणि विसरले असेन, तर ते रद्द समजावं.

कलम १. मी राहते ते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं कुंपण घातलेलं अंगण आणि त्यातलं झाड, हे सगळं माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला मिळावं. मुलगा विचारेल, मावशीला का? मावशी अजून भाड्याच्या खोलीत राहते आणि त्याला मी कारणीभूत आहे. तिला स्वतःलाही हे ठाऊक नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक, फ्रीज आणि मोठं पातेलं मुलाला. पातेलं त्याचंच आहे म्हणा, दर रविवारी तो त्यात कोंबडी शिजवतो. मी नाक मुरडलं की म्हणतो, "आई, तू जन्मभर पिल्लांना मरणाच्या वाटेला लावलंस, आणि डोळे माझ्यावर वटारतेस?" पातेलं बिनशर्त देते. फक्त कधीतरी त्यातली कोंबडी कुठून आली ते जाऊन बघून यावं, अशी विनंती आहे. बघून आल्यावर काय खायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

कलम ३. माझा कामाचा दिवा आणि बुटकं स्टूल भाचीला, म्हणजे बहिणीच्या मुलीला. ती त्याच केंद्रात नोकरी करते, पण वरच्या मजल्यावर, पांढऱ्या कोटात.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अंडी देणाऱ्या जातीचं पिल्लू बाहेर आलं की दिवसाच्या आत ते नर की मादी हे ठरवावं लागतं. पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, हलकेच दाबून त्याची शी काढायची आणि दिव्याखाली मोहरीच्या निम्म्याएवढा उंचवटा दिसतो का ते बघायचं. मादी डाव्या खोक्यात, नर उजव्या घसरणीवर. मादी पुढे अंडी देते. नर अंडी देत नाही, आणि या जातीच्या नराच्या अंगावर मांसही धरत नाही, म्हणून त्याला दाणे घालणं कुणाला परवडत नाही. घसरणीच्या खाली यंत्र होतं. त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून खोलीत रेडिओ मोठ्याने लावत. तासाला आठशे पिल्लं माझ्या हातांखालून जात, आणि अशी बत्तीस वर्षं गेली.

हे वाचून ज्याला अंडं खाववणार नाही त्याने खाऊ नये. मी रोज सकाळी एक खात आले आहे, अंडी देणाऱ्या प्रत्येकीला एक भाऊ होता हे माहीत असून. चिकन मात्र मला बावन्नाव्या वर्षापासून गिळवत नाही. यात तर्क शोधू नये, मलाही सापडलेला नाही.

कलम ४. जाड काचांचा चष्मा आणि त्याची पेटी ज्या गरजूला तो नंबर लागू पडेल त्याला द्यावी. मला त्याची कधीच गरज नव्हती. नेत्रतज्ज्ञांच्या तक्त्यावरची तिसरी ओळ मी मुद्दाम चुकीची वाचली होती. चष्म्यातून मला सगळं धूसर दिसतं, म्हणून बहीण आली की लावते आणि ती गेली की काढते. तिने आणलेले डोळ्यांत घालायचे थेंबही मी अकरा वर्षं मुकाट घालून घेतले आहेत.

कलम ५. आता कबुली. वकीलबाईंच्या मते मृत्युपत्रात कबुलीचं कलम नसतं, पण लिहून देणारी मी आहे.

निवडीच्या खोलीला खिडक्या नव्हत्या. एका दुपारी वीज गेली आणि वीस मिनिटं आली नाही. माझ्या मुठीत एक पिल्लू होतं, अजून न बघितलेलं. टाकणार कुठे? तसंच धरून बसले. रेडिओ बंद, यंत्र बंद, आणि सगळ्या खोलीत नुसती चिवचिव. थोड्या वेळाने पिल्लाने माझ्या अंगठ्यावर मान टाकली आणि ते झोपलं. बाहेर येऊन त्याला सहा-सात तास झाले असतील, आणि तेवढ्यात त्याने माझ्यावर भरवसा टाकला. दिवा लागला, बघितलं तर नर. मी त्याला डाव्या खोक्यात ठेवलं. हात चुकला, असं स्वतःला सांगितलं. पण माझा हात चुकत नसे. सगळ्या केंद्रात एकटा माझाच चुकत नसे.

शंभराच्या खोक्यात दोन नर निघाले तर ती चूक सगळ्यांना माफ होती. पाच वर्षं मी त्या माफीत बसतील एवढे दोनच सोडले. मग हाव सुटली आणि चार सोडू लागले.

माझ्या समोर धाकटी बसायची. माझं खोकं भरलं की त्यातली दहा पिल्लं पुन्हा बघून झाकणावर 'तपासले' असा शिक्का मारणं हे तिचं काम. ती दुसऱ्या कुणाच्याही खोक्यात दहाच्या जागी वीस बघायची, आणि माझ्या खोक्यात एकही नाही. म्हणायची, "ताईच्या हातचं काय तपासायचं!" आमच्या आईने वाढलेल्या ताटात आम्ही कधी खडा शोधला नाही, तसंच हे. तिच्या या भरवशावरच माझं सगळं पुण्यकर्म चाललं होतं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात ते हेच.

पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाली की नराचे तुरे वाढतात. आमच्याकडून पिल्लं घेणाऱ्या एका अंडीवाल्यांनी तक्रार केली. खोक्यावर निवडणाऱ्याचं नाव नसे, फक्त तपासणाऱ्याचा शिक्का असे, म्हणून केंद्राने शिक्के बघितले. न तपासता शिक्का मारल्याबद्दल धाकटीला नोकरीच्या सत्ताविसाव्या वर्षी कामावरून काढलं. मुकादमाने तिला सगळ्यांसमोर 'आंधळा शिक्का' म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं. मी समोरच्या स्टुलावर बसून होते. माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. तोंड उघडलं असतं तर निवृत्तीवेतन गेलं असतं. मी तोंड उघडलं नाही.

त्याहून वाईट पुढे आहे. मी घाबरले आणि त्या दोन महिन्यांत एकही नर सोडला नाही. चुका थांबल्या. सगळे म्हणाले, "बघा, धाकटी गेली आणि काम सुधारलं." त्या दोन महिन्यांतल्या नरांचा हिशेब कुणी मागत नाही, पण तोही माझ्याच नावावर आहे.

धाकटीला वाटलं, माझी नजर अधू झाली आणि ते तिच्या लक्षात आलं नाही. तिने स्वतःला दोष दिला आणि मला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. तिला पुन्हा कुठल्याच केंद्राने घेतलं नाही. मी चष्मा लावला आणि गप्प बसले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे मला कुणी शिकवायला नको होतं, तरी अकरा वर्षं झाकून बसले. मला लाज वाटते. त्या नरांना सोडल्याची नाही, तिला फसवल्याची वाटते.

तरी लेखी सांगते: माझ्या बहिणीने कामात कधीही हयगय केली नाही. ते चार नर मी मुद्दाम सोडत होते.

कलम ६. निरोपाच्या दिवशी 'निर्दोष सेवेबद्दल' दिलेलं भिंतीवरचं घड्याळ केंद्राला परत करावं. मुकादमाला काहीही देऊ नये, शुभेच्छासुद्धा नकोत.

कलम ७. तक्रार करणाऱ्या अंडीवाल्यांना मी काही ठेवत नाही, पण त्यांचं म्हणणं इथे नोंदवते. निवृत्तीनंतर मी त्यांच्याकडे गेले, भांडायलाच. म्हटलं, "माझ्या नरांचं काय केलंत?"

ते म्हणाले, "करायचं काय, बाई? पिंजरे मोजके, ते कोंबड्यांना. नरांना जागाच नव्हती. सोडले मागच्या मोकळ्या जागेत. तीन महिन्यांचे झाले की विकायचो, खाणारे खायचे."

"मग मारलेतच ना शेवटी?"

"मारले. पण ऐका तर. ते मातीत लोळायचे, उकरायचे, झाडावर चढून बसायचे. मी तीस वर्षं या धंद्यात, पण कोंबडं मोकळं असलं की दिवसभर काय करतं ते कधी बघितलंच नव्हतं. रोज बघून बघून असं झालं की शेडमध्ये पाऊल टाकवेना. त्याच कोंबड्या, आणि पंख पसरायला जागा नाही. मग एक शेड मोकळी केली. अंडी कमी झाली. पण दुसरी पण केली."

आज त्यांच्याकडे एकही पिंजरा नाही. त्यांचं बघून त्या रस्त्यावरच्या आणखी तिघांनी काढले. मी त्या नरांना फार तर तीन महिने मिळवून दिले असं मला वाटत होतं. ते तीन महिने त्यांनी कुठे नेऊन पोचवले बघा. मला हे घडवता आलं नसतं, आणि श्रेय घेण्याचा मला हक्कही नाही.

कलम ८. अंडीवाल्यांकडे अजूनही चुकून एखादा नर येतो, आणि त्यांनी न विकता मला आणून दिलेले असे नऊ कोंबडे मागच्या अंगणात आहेत. ज्याला घर मिळेल त्याने त्यांना म्हातारपणाने मरू द्यावं. ते पहाटे आरवतात. शेजारच्या शिंप्याने तक्रार केल्यास त्याचं शिलाई मशीन किती वाजेपर्यंत चालतं ते विचारावं.

कलम ९. भाची सांगते की केंद्रात नवीन यंत्र येतं आहे. नर की मादी हे अंड्यातच कळेल, पिल्लू बाहेर यायच्या कितीतरी आधी, आणि नराची अंडी उबवायलाच ठेवायची नाहीत. यासाठी ती चार वर्षं वरच्या लोकांच्या डोक्यावर बसली. खालची घसरण बंद होईल, रेडिओची गरज उरणार नाही. भाची हट्टी आहे, आईवर गेली आहे. ते यंत्र बसेल त्या दिवशी मी नसले, तर तिने माझा दिवा त्या खोलीत नेऊन एकदा लावावा आणि मग विझवावा.

पुरवणी. वरचा मजकूर लिहून झाल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "आजी, हे तुमच्यामागे त्यांनी वाचावं असं वाटतं का तुम्हाला?" मला तसंच वाटत होतं, कारण मेल्यावर कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. त्यांनी विचारल्यावर मात्र लाज वाटली. मी धाकटीला बोलावलं आणि कागद तिच्या हातात दिला.

तिने सगळा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे तुझे डोळे चांगले आहेत?"

"आहेत."

"मी उन्हातान्हात दुकानं पालथी घालून थेंब आणायचे, ताई."

ती उठून अंगणात गेली. अर्धा तास तिथेच उभी होती. मला वाटलं, कुंपणाच्या दारातून निघून जाईल. आत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "कोंबडे नऊ नाहीत, दहा आहेत. एक झाडात बसलाय, तू मोजला नाहीस." आणि मग रडत, ओरडत म्हणाली, "मला सांगायचं होतंस गं! मी काय कुणाला सांगणार होते? तरीही मारला असता शिक्का. माहीत असून मारला असता. नोकरी गेली असती तर ती आपल्या दोघींच्या कामासाठी गेली असती. तू मला आंधळी ठेवलंस."

मी तिचे पाय धरायला वाकले. तिने दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "पुरे. पडलीस तर आता खरा डॉक्टर लागेल." मग वकीलबाईंना विचारलं, "साक्षीदार कोण?"

वकीलबाईंनी समजावलं की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केली तर घर हातचं जाईल. धाकटी म्हणाली, "भाड्याच्या घरात मला झोप लागते. पण मी निर्दोष आहे हे ज्या कागदावर लिहिलंय, त्यावर माझी सही नाही असं होणार नाही."

म्हणून कलम १ बदलून घर भाचीला देते, दहा कोंबड्यांसह. धाकटीने उद्यापासून इथेच राहायला यावं असं मी तिला सांगितलं आहे. ती म्हणाली, बघते. पण जाताना तिने आतली खोली पावलांनी मोजली.

स्थळ: माझं स्वयंपाकघर. दिनांक: चौदा, बुधवार, दुपारी चार.

लिहून देणारी: (सही, चष्म्याविना)

साक्षीदार पहिले: अंडीवाले. हा कागद करणारीने माझ्यासमोर सही केली. तक्रार मी केली होती, त्याबद्दल धाकट्या बाईंची माफी मागतो. (सही)

साक्षीदार दुसरी: मी, लिहून देणारीची सख्खी धाकटी बहीण. तिने माझ्यासमोर, शुद्धीत आणि धडधाकट डोळ्यांनी सही केली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझी चूक एवढीच होती की मी ताईवर विश्वास ठेवला, आणि ती चूक मी आज राजीखुशीने पुन्हा करते आहे. (सही)