ताणावर ठेवलेला मोगरा

कडेगाव, चैत्र वद्य पंचमी, शके १८६८

तीर्थस्वरूप आक्का हिला धाकट्या दादासोचा हात जोडून नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतो? खोकला गेला का? शेजारच्या जैनबवहिनींचे डोळे बरे आहेत ना? गाय अजून तुझ्याखेरीज कुणाला जवळ येऊ देत नाही का? (ती तुझ्यावरच गेली आहे.) इकडे तुझ्या भावजयीचा, रंगूबाईचा दमा बेताचा आहे. पोरगा अर्जुना पलटणीतून सुखरूप परतला, जेवतो आणि झोपतो.

भाऊजी गेल्यावर मी वाईला येऊन म्हटलं, एकटी राहू नकोस, कडेगावला चल. तू आईच्या बटमोगऱ्याची फांदी हातात दिलीस आणि म्हणालीस, हा तुझ्या दारात फुलला की येते. ती फांदी मी फुटक्या घागरीत लावली. हल्ली कचेरीच्या आवारात विलायती फुलं लावतात. रंग झकास, पण नाक खुपसलं तर नुसता मातीचा वास. आपल्या मोगऱ्याचं एक फूल माठात टाकावं आणि पाणी पिऊन चैत्रातली दुपार काढावी, हे आता आपल्या दोघांनाच आठवतं.

तू बजावलंच होतंस, पौषात पाणी तोड, पानं झडू दे, शिवरात्रीला पाणी सोड. ताण बसल्याशिवाय मोगरा कळी धरत नाही हे मला का ठाऊक नाही? जन्म शेतीत गेला. पण शेतातलं झाड लांब असतं गं. हे उंबऱ्याशी. जेवताना समोर त्याची मान खाली, घास उतरेना. माघातल्या एका दुपारी सगळे निजलेले बघून तांब्या घेऊन गेलो, तर रंगूबाई घागरीत तांदळाचं धुवण ओतत होती.

“अगं, ताण हाय त्याला,” मी म्हटलं.

“व्हय. आन् तुमच्या तांब्यात काय वारा हाय?”

तेवढ्यात मागून अर्जुना पलटणीतली पाण्याची बाटली घेऊन आला. म्हणाला, “आबा, वाळवंटात तहान लय बघितलीया. घरात न्हाई बघवत.”

पुन्हा पाणी घालायचं नाही, अशी तिघांनी तिथंच शपथ घेतली. (ती संध्याकाळपर्यंत टिकली.)

आता मोगरा मेथीसारखा माजला आहे, शेळीच्या तोंडाला पाणी सुटावं असा. कळी मात्र एक नाही. रंगूबाई म्हणाली, बाजारातली फुलं दोऱ्यानं फांद्यांना बांधू आणि आक्कांना बोलवून घेऊ. मीच नको म्हटलं. तू दारातूनच वास ओळखशील. आमच्या मायेनंच तुझी वाट अडवली, याची रुखरुख लागून राहिली आहे. आता पुढल्या चैत्राची वाट बघायची, आणि आपल्या वयाला चैत्राचा भरवसा कुणी द्यायचा?

तुझा,
दादासो

ता. क. या घरात कुणाची तहान बघवेल असं काळीज नाही. तुझं आहे. (गोवर आला तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं, तरी तू गुळाचा खडा दिला नाहीस.) तेव्हा मोगरा फुलल्यावर येऊ नकोस, तो फुलवायला ये. पौषाला अवकाश आहे, पण आत्ताच आलीस तर झाडाला तुझा धाक बसेल. पूर्वेच्या खोलीला चुना दिला आहे. गोठ्यात गाईसाठी खुंटाही ठोकला आहे.

पुन्हा ता. क. उलट टपाली उत्तर धाड. नाही म्हणायचं असेल तर मात्र घाई करू नकोस.