खाडीकाठचं अळू

९ ऑगस्ट, शनिवार

आईच्या परसात पुन्हा पाणी. आभाळ कोरडं, आठवड्यात थेंब नाही. रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतून वर आलं. पौर्णिमेची भरती पाइपातून उलटी चढते आणि तिच्या वाफ्यांत पसरते. गेल्या वर्षी क्वचित व्हायचं. आता दर पौर्णिमेला, दर अमावास्येला.

आई मागच्या पायरीवर उभी राहून कौतुकाने बघत होती. "अळूला पाणीच लागतं बाई. श्रीवर्धनला न्हाणीच्या पाण्यावर कसं माजायचं!"

माझं कामच हे आहे. पाणी कुठून येईल, किती चढेल, याची मॉडेल्स करते. दुसऱ्यांच्या गावांसाठी. स्वतःच्या आईला पटवता येत नाही.

बाबा गेल्यापासून न्यू जर्सीतल्या त्या खाडीकाठच्या घरात ती एकटी आहे. हृदयात स्टेंट. गावात यायला एकच रस्ता, तो भरतीला बुडतो. शरद ऋतूतली वादळं यायच्या आत तिला तिथून काढून माझ्याकडे आयसेलिनला आणायचं. एवढंच हवं आहे. बाकी काही नको.

१० ऑगस्ट

भावाला, शंतनूला, लांब ट्रॉयला फोन. "तू जवळ आहेस यार, तूच हँडल कर. मी काही बोललो की म्हणेल, आला मोठा शहाणा." मग त्याला मीटिंग होती. रविवारी.

१६ ऑगस्ट, शनिवार

ऑफिसातून क्षारता मोजायचा मीटर घेऊन गेले. आई म्हणाली, "पाणी खारट असतं तर अळू जगलं असतं का? तूच सांग."

कुंपणाकडच्या वाफ्यातलं पाणी समुद्राच्या निम्मं खारट निघालं. मी आकडा दाखवला. तिने चष्मा लावून तो वाचला, मीटर परत दिला आणि विचारलं, "चहा टाकू?"

निघताना पानं नीट पाहिली. कडा सरळ होत्या. अळूच्या पानाची कड इतकी सरळ नसते. मिठाने करपलेला भाग कात्रीने कापलेला होता, पानामागून पान, सगळ्या रांगेत. मी यायच्या आधी तिने ते केलं असणार.

मीटर पिशवीत टाकला. गाडीत बसून फक्त आकडा नोंदवला.

१७ ऑगस्ट

या अळूचे कंद बाबांनी श्रीवर्धनहून इथे मोज्यात लपवून आणले होते. मी तेव्हा दहा वर्षांची. विमानतळावर कस्टम्सच्या माणसासमोर बाबा मला हळूच म्हणाले, "हसू नकोस." दर ऑक्टोबरला आई ते उकरते, हिवाळाभर तळघरात कोरड्या वाळूत ठेवते, मे महिन्यात पुन्हा लावते. तिला घर सोड म्हणणं म्हणजे काय म्हणणं आहे, हे मला कळतं. कळून उपयोग नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

वादळ किनाऱ्याला लागलं नाही, समुद्रातूनच वर गेलं. तरी खाडी फुगली. दुपारपासून आई फोन उचलत नव्हती. गाडी काढली. वळणावर पोलिसांनी रस्ता बंद केलेला. पुढे सपाट करडं पाणी, त्यात टपालपेट्यांची फक्त डोकी. पोलीस म्हणाला, भरती उतरेपर्यंत कोणी जाणार नाही. मी त्याला सांगितलं, भरती कधी उतरेल ते मला माहीत आहे, तोपर्यंत आई मरेल. तो चांगला माणूस होता. म्हणाला, गाडीत बसा.

बसले. फोन करत राहिले. काचा वर होत्या. मी ओरडले—आवाज माझा वाटला नाही.

संध्याकाळी तिने उचलला. "अगं, तळघरातल्या लोणच्याच्या बरण्या वर आणत होते. फोन वर राहिला. तू कशाला धावत आलीस?"

तळघरात गुडघाभर पाणी होतं. हे तिने शेवटी सांगितलं, जाता जाता.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाणी उतरलं. वास राहिला. हा वास मला कामामुळे ओळखू येतो. वाफ्यातलं पाणी निर्जंतुक बाटलीत भरून लॅबला दिलं.

आईने तोवर भेंडी तोडली. पुढच्या शनिवारी तिची ऋषिपंचमीची पंगत. पंचमी गुरुवारी आहे, पण इथे तिथीही वीकेंडला सरकते.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

लॅबचा फोन. मैलापाणीच. गावाची जुनी पाइपलाइन फुटलेली असणार. पोहण्याच्या पाण्याला जी मर्यादा असते तिच्या कितीतरी पट जंतू.

आरतीनंतर आईला बाजूला घेऊन सांगितलं. पंगत कॅन्सल कर, म्हटलं.

"पंगत कॅन्सल करत नाहीत."

"मग अळू तरी घालू नकोस. ओक ट्री रोडच्या देशी दुकानातून आणते."

"ऋषीच्या भाजीला विकतचं? बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं त्या दिवशी. आपल्या हातचं लागतं." मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "मी तीनदा धुते. आणि शनिवारी लोकांसमोर हे काढू नकोस, रुचा."

३० ऑगस्ट, शनिवार

काय झालं ते क्रमाने लिहिते.

बारा माणसं. बाबांचे मित्र श्रीरंगकाका आणि सीमाकाकू एडिसनहून, त्यांची नात सिया, आणखी दोन घरं. आईने मोठं पातेलं भरून भाजी केली होती. अळू, भेंडी, पडवळ, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओलं खोबरं, चिंच. काका पानावर बसता बसता म्हणाले, "वहिनी, न्यू जर्सीत बैल आहे कुठे? इथे बारा महिने ऋषिपंचमी!" आई म्हणाली, "ट्रॅक्टर म्हणजे बैलच, भाऊजी. गपचूप जेवा." सगळे हसले. बाबांच्या मागे मी तिला इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

मग सीमाकाकूंनी सहज विचारलं, "पुढच्या वर्षी इथेच ना? का रुचाकडे?"

"इथेच. मी कुठे जात्ये? रुचाला उगाच भीती. पाणी येतं आणि जातं."

मी पानावरून उठले नाही. आवाजही चढवला नाही. "काकू, ते अळू खाऊ नका. त्या वाफ्यात मैलापाणी आलंय. मी टेस्ट केलीय."

काकूंचा घास हातातच राहिला. सियाने विचारलं, "आजी, इज इट पॉइझन?" श्रीरंगकाकांनी मान खाली घालून आणखी एक घास घेतला. "मी खातोय, वहिनी. फर्स्ट क्लास झालीय." ते जास्त वाईट होतं.

आई उठली. एकेकाच्या पानातली भाजी परत घेतली, लहान मुलाचं उष्टं काढावं तशी, कोणाकडे न बघता. पातेलं कचऱ्याच्या पिशवीत उलटं केलं. मग सगळ्यांना दहीभात वाढला.

इतका वेळ उकळलेल्या भाजीत ते जंतू जिवंत राहत नाहीत. हे मला पक्कं माहीत होतं. ते वाक्य मी बोलले नाही. तिच्या डोळ्यांसमोर तिचं घर घाण ठरावं, हेच मला हवं होतं. दुसरा उपाय उरला नव्हता असं मला वाटलं. अजूनही वाटतं. बहुतेक.

३१ ऑगस्ट

फोन केला. उचलला. "जेवलीस का?" एवढंच विचारलं तिने. मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

२ सप्टेंबर, मंगळवार

आईचा फोन, ऑफिसात. "घर सोडते मी. शनिवारपर्यंत आवरून होईल."

जिन्यात जाऊन बसले. सुटली. सुटलो आम्ही.

४ सप्टेंबर

माझी खोली तिच्यासाठी रिकामी केली. मी हॉलमध्ये झोपेन. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, लेव्हल लावून. देवांसाठी पूर्वेकडची फळी. बाल्कनीत चार मोठ्या कुंड्या, माती भरून तयार. ऊन किती वेळ येतं ते पाहून ठेवलं. अळूला पुरेल.

६ सप्टेंबर, शनिवार

शंतनू ट्रॉयहून मोठी गाडी घेऊन आला. आई त्याच्याबरोबर गेली.

मला तिथे पोचल्यावर कळलं. "तुझ्याकडे नको, रुचा," ती म्हणाली. रागावलेली नव्हती. "तुझं बरोबरच असतं. पण तू मला रोज मोजशील."

शंतनू डिकीत सामान लावत राहिला. तिचा सीटबेल्ट मीच लावला. घट्ट बसलाय का, ते ओढून पाहिलं.