सगळी कामं माझ्या नावावर

३ जून, सोमवार
पगार जमा करायचं रात्रीचं ऑटोमॅटिक काम बंद पडलं. चीज फॅक्टरीवाल्यांचे पगार खात्यात आलेच नाहीत. सकाळी बँकेत ही रांग! स्क्रीनवर एकच वाक्य: 'परवानगी नाही.' मी हाताने चालवलं, झटक्यात झालं. म्हणजे माझ्याकडून चूक नाही.
शेजारच्या टेबलावरचा डेल्बर्ट म्हणतो, "ऑरिन, तू चालवलंस ते तुझ्या लॉगिनने. रात्री ते 'नाइटरन' लॉगिनने चालतं. त्याला पगाराची फाइल उघडता येते का, ते बघ ना." बघू म्हटलं. डेटाबेस मी सांभाळतो की हा?

४ जून
पुन्हा बंद पडलं. आज दुसऱ्या कारखान्याचे पगार अडकले. नाइटरनला डेटाबेसमधले झाडून सगळे हक्क दिले. आता रडायला जागाच नाही.
डेल्बर्टचं तुणतुणं: फाइल डेटाबेसमध्ये नाही, बाहेर फोल्डरमध्ये आहे. हक्क तिथले दे. याला कॉफी तेवढी बरी जमते.

५ जून
पडलं.
मॅनेजर मार्लिस बाईंनी बोलावून विचारलं, "अरे, माणसांनी किराणा कशावर आणायचा?" डेटाबेस-प्रमुखाची जागा भरायचीय, हेही सहज बोलल्या. सहज कसलं! मलाच उद्देशून.

६ जून
काल संध्याकाळी सुचलं!! काम नाइटरनच्या नावावर ठेवायचंच कशाला? माझ्या नावावर केलं. मला कोण अडवतंय? रात्री लोण्यासारखं चाललं. डेल्बर्ट म्हणाला, "हे बरं नव्हे हं." जळतोय बिचारा.

७ जून
बँकेची सगळीच रात्रीची कामं माझ्या नावावर केली. पगार, हप्ते, व्याज, सगळं. आता माझ्याशिवाय इथलं पान हलणार नाही. प्रमुखपद खिशात.
सोमवारपासून सक्तीची रजा. वर्षातून सलग दोन आठवडे बँकेत पाऊल टाकायचं नाही, कामाला हात लावायचा नाही. जुना नियम आहे, सगळ्यांनाच. मार्लिस बाईंना म्हटलं, माझ्यावाचून अडलं तर खुशाल फोन करा. त्या म्हणाल्या, "अडलं तर कळेलच."

१० जून, सोमवार. तळ्यावर.
मासा एक नाही. बायको लोर्ना म्हणते फोन खिशात ठेव, मासे बिचकतात. काहीही!

११ जून
सकाळीच फोन! मी लोर्नाला म्हटलं, बघ, रजेतसुद्धा सोडत नाहीत.
मार्लिस बाई. काल रात्री एकूण एक काम बंद पडलं. सगळीकडे तेच वाक्य, 'परवानगी नाही', आणि खाली माझं नाव. रजेवर गेलेल्या माणसाचं लॉगिन बंद करतात म्हणे. हे मला माहीत होतं. म्हणजे, इतरांच्या बाबतीत माहीत होतं.
म्हटलं, तासाभरात पोचतो. त्या म्हणाल्या, "मुळीच यायचं नाही. डेल्बर्टने फोल्डरचा हक्क नाइटरनला दिला, कामं परत नाइटरनच्या नावावर केली. लोकांचे पगार दुपारपर्यंत मिळतील. आजपासून प्रमुख डेल्बर्टच."
मी विचारलं, हा असला नियम हवाच कशाला?
त्या म्हणाल्या, "एकाच माणसाने बँक मुठीत ठेवली असेल तर कळावं म्हणून. इतक्या वर्षांत कुणी सापडलं नव्हतं रे. तू पहिलाच."
लोर्नाने विचारलं, कशाला केला होता फोन? म्हटलं, रजा नीट घे म्हणाल्या.