पाथर्डी फाट्याचा धबधबा

१ ऑगस्ट २००४, रविवार
निर्णय झाला. घरामागे धबधबा करायचा. अस्सल दिसणारा. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की धबधबा आधी होता आणि वाल्मीकरावांनी, म्हणजे मी, घर नंतर बांधलं.

मनमाडच्या भारतरावांसारखं काही करायचं नाही. भारतराव माझे साडू. रेल्वेत आहेत. अंगणात सिमेंटचा बगळा बसवलाय, तो चोचीतून पाणी थुंकतो आणि पाहुण्यांना चहाच्या आधी तो दाखवतात. बगळा कधी थुंकतो का?

पण बगळ्याचा इथे काही संबंध नाही. खरं कारण आई. आबा गेल्यावर तिला सायखेड्याहून इकडे पाथर्डी फाट्यावर आणलं. सगळा जन्म गोदावरीच्या काठावर काढलेला, इथे पुढे रस्ता आणि मागे बोअरिंग. करमत नाही तिला. दर आठ दिवसांनी पिशवी भरते. आता तर स्पष्टच सांगितलंय, घट बसायच्या आत मला माझ्या घरी सोड. तिथे एकटी राहणार. गेल्या वर्षी, इकडे आणायच्या आधी, एकटी असताना ओट्यावरून पडली, तर दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. पुन्हा तसं झालं तर?

ती नदीकडे जायचं म्हणते ना, मग नदीच इकडे आणू. साधना म्हणाली, अहो, आईंना एकदा विचारा तरी. विचारायचं काय त्यात? सरप्राइज आहे.

४ ऑगस्ट
ऑफिसात लंच टाइममध्ये डिझाइन काढलं. मुख्य तत्त्व: निसर्गात सरळ रेघ नसते. म्हणून टेप नको, लेव्हल नको. सगळं नजरेने. परचेसमध्ये माझी नजर प्रसिद्ध आहे.

८ ऑगस्ट, रविवार
खोदकाम सुरू. मजूर मुद्दाम लावला नाही. मजूर चौकोनी खोदतो. मी खोदलेला खड्डा कुठल्याच आकाराचा नाही, अगदी हवा तसा. साधनाचं अळू काढावं लागलं. रात्री जेवायला अळूचंच फतफतं होतं.

आई मागच्या पायरीवर बसून बघत होती. तिने विचारलं, संडासाची टाकी करतो का रं? नाही म्हटलं. गूढ हसलो.

९ ऑगस्ट
कंबर. रजा टाकली.

१५ ऑगस्ट, रविवार
झेंडावंदन आटोपून घोटीकडे गेलो. टेम्पोभर दगड आणले. ओढ्यातले, पाण्याने गुळगुळीत झालेले. प्रत्येक दगड स्वतः हात फिरवून निवडला. एक तर एवढा मोठा आणि सपाट मिळाला की त्यावर बसून आई निवांत चहा पिईल. टेम्पोवाला तोवर दोनदा झोपून उठला.

टेम्पो आमच्या गेटात वळेना. दगड रंगूबाईंच्या गेटसमोर उतरवले. रंगूबाई शेजारीण, आणि कॉलनीच्या महिला मंडळाच्या सर्वेसर्वा. कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आज संध्याकाळी उचलतो म्हणालो.

२१ ऑगस्ट
शेवटचा दगड उचलला. रंगूबाई आता बोलत नाहीत. कलाकाराला हे सहन करावं लागतं.

२९ ऑगस्ट, रविवार
पाणी भरलं! प्लॅस्टिक वापरायचं नाही हे आधीच ठरलेलं. सायखेड्याची काळी माती आणून आतून लिंपली. काळी माती पाणी धरते, हे शेतकऱ्याच्या मुलाला कुणी शिकवायला नको. संध्याकाळी तळं काठोकाठ. पाण्यात ढग दिसले. साधनाला बोलावलं. कुकर लावलाय म्हणाली.

३० ऑगस्ट
तळं कोरडं. पाणी सगळं रंगूबाईंच्या अंगणात. त्यांना वाटलं ड्रेनेज फुटलं. मलाही तसंच वाटतंय असं म्हणालो. प्लंबरला फोनसुद्धा मीच करून दिला. त्यामुळे पुन्हा बोलणं सुरू झालं, एवढा फायदा.

५ सप्टेंबर, रविवार
शेततळ्याला अंथरतात तो काळा कागद आणला. ही तडजोड नव्हे. कागद दगडांखाली दिसणार नाही, आणि जे दिसत नाही ते निसर्गाच्या दृष्टीने नाहीच.

१२ सप्टेंबर, रविवार
पंप बसवला. बटण दाबलं. पाणी झकास वर चढलं आणि मागच्या बाजूने खाली आलं. कंपाउंडच्या भिंतीवर. साधना म्हणाली, धबधबा बघायला आता रंगूबाईंच्या गच्चीवर जायचं का?

खऱ्या धबधब्यालाही मागची बाजू असतेच की. हे तिला समजावून सांगितलं. पुढची बाजू पुढच्या रविवारी.

१९ सप्टेंबर, रविवार
पडलं! पुढून पडलं! दगडावरून खाली सरळ सपाट दगडावर, तिथून तळ्यात. मी चक्क ओरडलो. गणपतीला आलेले पाहुणे धावत मागे आले. त्यांना वाटलं मला शॉक बसला.

२० सप्टेंबर
आवाजाचा परिणाम बघायला दुपारी मुद्दाम घरी होतो. आई झोपली होती. दोनदा उठून बाथरूमचा नळ बंद करून आली. तिसऱ्यांदा मला म्हणाली, वायसर गेला असंल, बदलून घे.

मग तिला मागे नेऊन दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, केवढं पाणी वाया चाललंय रं. म्हटलं, वाया नाही, तेच पाणी पुन्हा वर जातं. यावर तिने विचारलं, मग पडतंय कशाला?

पहिल्यांदा बघताना असं होतं. हळूहळू मनात उतरेल.

२५ सप्टेंबर
ऑफिसची मंडळी बघायला आली. बटण दाबायला आणि लाइट जायला एकच गाठ. भारनियमन. सगळ्यांनी दगडांकडे बघत चहा घेतला. निघताना एकाने विचारलं, काम कधी सुरू करताय?

२ ऑक्टोबर
आईची पिशवी भरून तयार. या वेळी कॉटखाली नाही, पुढच्या खोलीत चपलांजवळ ठेवलीय. तिची जाडी गोधडी वर गुंडाळून बांधलीय. चौदा तारखेला घट. मला म्हणाली, तू नेलं नाहीस तर मी एसटीने जाईन, मला काय कळत नाय का? धबधब्याचं नाव नाही. मला फार वाईट वाटलं. एवढं केलं ते कुणासाठी?

साधना दुसऱ्याच चिंतेत. घटाआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचंय. बाथरूममध्ये एक गोधडी मावत नाही. रिक्षा करून गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, न्यायचं तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. कॉलनीतल्या सगळ्या बायकांचं हेच रडगाणं. मी म्हटलं, इथे आईचा प्रश्न आहे आणि तुला गोधड्यांचं पडलंय!

५ ऑक्टोबर
भारतरावांचा फोन. दसऱ्याला येतायत. ऐकलंय काहीतरी केलंय म्हणाले. 'काहीतरी'!

ठरलं. रविवारी उद्घाटन. आईच्या हस्ते बटण. चार बायका बघायला येतील, कौतुक करतील, आईला अभिमान वाटेल, पिशवी आपोआप रिकामी होईल. साधना म्हणाली, पितरं चालू आहेत, नवीन काही सुरू करत नाहीत. तिच्या समाधानासाठी 'ट्रायल' म्हणायचं ठरलं.

७ ऑक्टोबर
रंगूबाईंना आमंत्रण दिलं. रविवारी सकाळी मागे पाणी सोडणार आहे, मैत्रिणींना घेऊन या. त्यांनी बारकाईने चौकशी केली. पाणी किती वेळ चालेल? दिवसभर, म्हटलं. दगड सपाट आहे ना? एकदम सपाट, म्हटलं. खाली पाय बुडतील एवढं पाणी? गुडघ्याएवढं, म्हटलं. त्यांचा चेहरा फुलला. सगळ्यांना सांगते म्हणाल्या.

या कॉलनीत निसर्गाबद्दल एवढी आस्था असेल असं वाटलं नव्हतं. माणसं ओळखण्यात मी चुकलो.

१० ऑक्टोबर, रविवार, सकाळी
रिबन लावली. नारळ आणला. तळ्यात लाल मासे सोडले. आईला नवीन लुगडं नेसायला सांगितलं. ती जुन्यातच बसलीय. बायका येताना दिसतायत. प्रत्येकीकडे मोठं गाठोडं. आहेर आणायची खरंच गरज नव्हती.

त्याच दिवशी, संध्याकाळी
गोधड्या होत्या.

क्रमाने लिहितो. आईने बटण दाबलं. पाणी पडलं. मी टाळ्या वाजवल्या, एकट्याने. आई पायरी उतरून खाली गेली. आजवर ती त्या पायरीच्या खाली कधी गेली नव्हती. सपाट दगडावर हात फिरवला. म्हणाली, दगड झ्याक हाय. मग ओचा खोचला, साधनाला हाक मारली आणि पिशवीवरची गोधडी मागवली. पाठोपाठ रंगूबाई सोड्याची पुडी घेऊन उतरल्या. मग सगळ्याच उतरल्या.

मी ओरडून सांगितलं, अहो, हे बघण्यासाठी आहे! धोपटण्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? एकीने मला पीळ द्यायला गोधडीचं दुसरं टोक धरायला लावलं. मासे मी वेळेवर बादलीत काढले. रिबनला कुणीतरी उशीचे अभ्रे वाळत घातले.

आता भिंतीवर, गेटवर, माझ्या स्कूटरवर, जिकडेतिकडे गोधड्या. फेस कंपाउंडबाहेर रस्त्यापर्यंत गेलाय.

पण आई हसत होती. पाण्यात उभी राहून, गोधडी तुडवत, सायखेड्याच्या बायकांच्या गोष्टी सांगत होती आणि मोठमोठ्याने हसत होती. आबा गेल्यापासून तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मी पिळायचं टोक धरून नुसता उभा राहिलो.

११ ऑक्टोबर
पंप जाम. आत गोधडीचा दोरा. साफ केला. पलीकडच्या गल्लीतल्या बायका उद्या येणार आहेत. हे तात्पुरतं आहे. घट बसले की तळं पुन्हा नैसर्गिक करायचं.

१२ ऑक्टोबर
पलीकडची गल्ली आली. रंग जाणारं आधी कुणी बुडवायचं नाही, असा आईचा हुकूम. कुणी मोडत नाही.

१३ ऑक्टोबर, बुधवार
आईला सायखेड्याला सोडण्यासाठी रजा घेतली. सकाळी पिशवी उचलायला गेलो तर आई म्हणाली, तू एकटाच जा. देव्हाऱ्यातले टाक घेऊन ये. घट इथंच बसवू.

मला आधी कळलंच नाही. चपला घातल्यावर कळलं. आमचे कुळाचे टाक त्या घरातून कधी हलले नाहीत. आई लग्न होऊन आली तेव्हापासून जिथे टाक तिथे आई.

देव्हारा उघडून ते चांदीचे टाक तिच्या लुगड्यात गुंडाळले आणि घरापर्यंत मांडीवर धरून आणले. एसटीत डोळ्यांत काहीतरी गेलं. गेलं कसलं, रडलोच. इथे खोटं कुणाला सांगायचंय?

धबधब्याने काम केलं. साधनाला तसं म्हणालो. ती म्हणाली, हो तर.

२२ ऑक्टोबर, दसरा
भारतराव आले. सोनं दिलं-घेतलं. मग त्यांना मागे नेलं. पंपाला सकाळीच पूजा करून झेंडूचा हार घातला होता. मी बटण दाबलं. सपाट दगडावर आई सतरंजी घासत होती, शेजारी रंगूबाई सोडा कालवत होत्या. भारतरावांनी विचारलं, धबधबा कुठाय?

मी तोंड उघडायच्या आत आईच सांगायला लागली. वाल्मीकनं धुण्याला लय चांगली जागा करून दिली. बाया बी चांगल्या हायत इथल्या. आता मी कुठं जात नाय. नुसतं ते वरून पाणी पडतंय ना, ते अंगावर उडतं. तेवढं बंद करायला सांगा त्याला.

भारतरावांनी बगळ्याचा विषयसुद्धा काढला नाही. त्यांनी काढायला हवा होता.

२४ ऑक्टोबर, रविवार
सकाळी पंप काढला. हार अजून तसाच होता. वरचे दगड उतरवून बाजूला रचले. सपाट दगडाशेजारी पाइप आणून एक साधा नळ बसवला. रंगूबाईंनी उंची बघून दिली.

आईने नळ सोडून बघितला, बंद करून बघितला. म्हणाली, हेच आधी केलं असतं तर एवढं खोदायचं काय काम होतं?

हो म्हणालो.